ठेक्यावरचं व्याकरण

व्याकरणाचं पुस्तक म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? नियम, अपवाद, अपवादांचेही अपवाद, आणि बाकावर पेंगणारी मुलं. हे चित्र क्षणभर पुसून टाका आणि पूर्व जावातल्या केदिरी शहरात चला. तिथे लिरबोयो नावाचं एक मोठं निवासी विद्यालय आहे, 1910 साली सुरू झालेलं. लुंगी नेसलेली, डोक्यावर काळी टोपी घातलेली पोरं दाटीवाटीने मांडी घालून बसली आहेत आणि एका सुरात गात आहेत. कुणाच्या हातात डफ आहे. ज्याला डफ मिळाला नाही त्याने पाण्याचा रिकामा कॅन उलटा धरलाय आणि तो त्यावरच ठेका देतोय. माना डोलताहेत, आवाज चढतोय.

गाणं कशाचं आहे? देवाची स्तुती? प्रेमाची कहाणी? छे! ही मुलं अरबी व्याकरण गात आहेत. नाम कशावरून ओळखायचं, कर्त्याच्या शेवटी कोणता स्वर येतो, विशेषण नामामागोमाग कसं बदलतं, हे सगळं चालीवर. आणि थोडंथोडकं नाही, तब्बल हजार द्विपद्या!

अशा विद्यालयांना इंडोनेशियात 'पेसान्त्रेन' म्हणतात, विद्यार्थ्यांना 'सांत्री' आणि मुख्य गुरूंना 'क्याई'. जगातल्या सर्वात मोठ्या मुस्लीम लोकसंख्यांपैकी एक या देशात आहे, पण अरबी इथल्या घरांची भाषा नाही. जावातलं पोरगं आईशी जावानी बोलतं, शाळेत इंडोनेशियन. अरबी त्याच्या कानावर पडते ती नमाजात आणि पठणात. मग हजारो किलोमीटरांवरची एक अवघड भाषा त्याच्या डोक्यात शिरते कशी? उत्तर असं, की ती आधी गळ्यात शिरते. डोक्यात जायची वाट तिथून निघते.

हे हजार पद्यांचं व्याकरण लिहिलं कुणी? इब्न मालिक नावाच्या एका पंडिताने. जन्म स्पेनमधल्या खाएन गावचा, कर्मभूमी दमास्कस, मृत्यू 1274. आपल्याकडे ज्ञानेश्वरांचा जन्म व्हायचा होता त्या सुमाराची ही गोष्ट. आधी या गृहस्थाने जवळजवळ तीन हजार पद्यांचं एक व्याकरण रचलं. मग त्यालाच वाटलं असावं, की हे फार झालं. त्याचा अर्क काढून त्याने 'अल्फिया' लिहिली, म्हणजे 'हजारी'. साडेसातशे वर्षं झाली, ती अजून पाठ केली जाते. मोरोक्कोत, इजिप्तमध्ये, येमेनमध्ये आणि जावातही.

आता त्याची पहिली करामत बघा. त्याने वृत्त कोणतं निवडलं? 'रजज'. अरबांचं हे फार जुनं वृत्त, उंटाच्या चालीशी परंपरेने जोडलेलं. त्याचा मूळ गण आपल्या लघु-गुरूच्या हिशोबात मांडला तर होतो 'गागालगा'. मराठी गझल लिहिणाऱ्या कुणालाही विचारा, 'गागालगा गागालगा' त्याच्या ओळखीचं निघेल. आपल्याकडे ते फारसी-उर्दूच्या वाटेने आलं आणि माधव जूलियनांनी अशा वृत्तांना मराठीत घर दिलं. रजजमध्ये सवलती भरपूर. पहिला गुरू लघु केला तरी चालतं, दुसरा केला तरी चालतं. म्हणून अरबी पंडितांनी त्याला थट्टेने 'कवींचं गाढव' असं नाव ठेवलं. कितीही ओझं लादा, मुकाट वाहून नेतं! इब्न मालिकने या गाढवावर अख्खं व्याकरण लादलं. वर प्रत्येक द्विपदीच्या दोन अर्ध्यांचं आपसात यमक जुळवलं, म्हणजे पहिला अर्धा म्हटला की दुसरा आपोआप ओठांवर यावा.

ओझं किती, ते बघायचं असेल तर प्रास्ताविक संपल्यावरची पहिलीच द्विपदी उघडा. वाक्य म्हणजे काय, तर अर्थ पूर्ण करणारा उच्चार. ही झाली व्याख्या. लगेच उदाहरण येतं, आणि ते एकाच शब्दाचं आहे: 'इस्तकिम', म्हणजे 'सरळ राहा'. एका शब्दाचं वाक्य? हो, कारण आज्ञार्थात 'तू' हा कर्ता आत दडलेला असतो. एका शब्दात कर्ताही आला, क्रियापदही आलं आणि व्याख्या सिद्ध झाली. शिवाय मुलाला जाता जाता वागण्याचा धडाही मिळाला! उरलेल्या जागेत शब्दांच्या तिन्ही जाती सांगून झाल्या: नाम, क्रियापद, अव्यय. हे सगळं दोन ओळींत, यमकासकट. अशा हजार जोड्या. आहे की नाही कमाल?

पण गाऊन खरंच काही फरक पडतो का? की जुन्या काळी छापखाने नव्हते म्हणून नाइलाजाने लोक गात होते? एडिनबरा विद्यापीठात एक साधा, सुंदर प्रयोग झाला, तो 2014 साली प्रसिद्ध झाला. 60 प्रौढ माणसं निवडली. त्यांना मुद्दाम अशी भाषा दिली की जिचा गंधही कुणाला नव्हता: हंगेरियन. तीन गट केले. एकाने वाक्यं नुसती ऐकून म्हणायची, दुसऱ्याने तालात म्हणायची, तिसऱ्याने गाऊन म्हणायची. वेळ फक्त 15 मिनिटं. नंतर परीक्षा घेतली, तेव्हा हंगेरियन वाक्यं आठवून म्हणण्यात गाणारा गट पुढे निघाला. संशोधकांनी एकविसाव्या शतकात जे मोजलं, त्यावर दमास्कसच्या पंडिताने तेराव्या शतकातच हजार द्विपद्यांची पैज लावली होती!

आता दुसरं आश्चर्य, आणि ते अरबी भाषेच्या पोटातच आहे. चार मराठी शब्द एका दमात म्हणून बघा: मंजूर, मजकूर, महसूल, मशहूर. ऐकू आला ठेका? चौघांचा साचा एकच: आधी 'म', शेवटच्या अक्षराआधी लांब 'ऊ'. चारही शब्द अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आले आणि चौघांच्या मुळाशी 'झालेलं' असा भाव आहे. पाहिलं गेलेलं, उल्लेखलेलं, गोळा झालेलं, प्रसिद्धी पावलेलं. आता हे तीन घ्या: कातिल, शायर, हाकीम. साचा बदलला, आधी 'आ', मग 'इ' किंवा तिच्या जवळचा स्वर, आणि अर्थ झाला 'करणारा'. मारणारा, कविता करणारा, हुकूम देणारा.

म्हणजे अरबीत बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या धातूवर उभे असतात आणि अर्थाची छटा ठरते ती त्या व्यंजनांमध्ये स्वर कुठे, किती लांब बसवले यावरून. दुसऱ्या शब्दांत सांगायचं तर अरबी व्याकरणाचा मोठा भाग मुळातच लय आहे. लय ऐकली की अर्थाचा अंदाज येतो. शब्द ओळखीचा नसला तरीही!

मग ही भाषा शिकवायला ताल वापरायचा हे कुणाला सुचलं नसतं तरच नवल. जावातल्या जोंबांग जिल्ह्यात मुहम्मद मआसूम बिन अली नावाचे एक क्याई होऊन गेले. 1933 साली ते वारले. त्यांनी क्रियापदांच्या रूपांची एक लहानशी पुस्तिका तयार केली. एकेका धातूची सगळी रूपं एका ओळीत: भूतकाळ, वर्तमानकाळ, क्रियानाम, करणारा, केलेलं, आज्ञा, निषेध, जागा, साधन. आपल्या आजोबांच्या पिढीने पावकी-निमकी जशी तालात घोकली, तशी सांत्री मुलं ही ओळ घोकतात. उजवीकडून डावीकडे, मग उलटी, मग गुरुजी मध्येच थांबवून म्हणतील तिथून. ही पुस्तिका इंडोनेशियातल्या असंख्य पेसान्त्रेनांत आजही चालते. ओळ जिभेवर बसली की नवा धातू समोर आला तरी मूल अडखळत नाही. त्याच सुरात नवी व्यंजनं घालतं आणि पुढे जातं.

इथवर आपण पाठांतराबद्दल बोललो. पण पाठांतर म्हणजे अजून प्रयोग नव्हे. समोर कुणीतरी ऐकणारं हवं, चुकलं तर पकडणारं हवं. अरबी ही गरज कशी निर्माण करते, ते तर फारच मजेशीर आहे.

पेसान्त्रेनात शिकवल्या जाणाऱ्या जुन्या ग्रंथांना 'किताब कुनिंग' म्हणतात, म्हणजे पिवळी पुस्तकं, कारण ती पिवळट कागदावर छापली जातात. ही पुस्तकं उघडली तर पानावर व्यंजनांच्या रांगाच्या रांगा दिसतात. लांब स्वरांना अक्षरं असतात, पण ऱ्हस्व स्वर लिहिलेलेच नसतात. आणि गंमत अशी की कर्ता कोण, कर्म कोण, हे सांगणारी विभक्ती बहुतेक वेळा शेवटच्या ऱ्हस्व स्वरातच असते. 'उ' आला तर कर्ता, 'अ' आला तर कर्म. नेमका तोच स्वर कागदावर गायब! मराठीत 'ने' आणि 'ला' पुसून टाकले आणि म्हटलं, वाच आता, तर काय होईल?

एरवी आपण वाचतो आणि मग समजतं. इथे आधी समजावं लागतं, मगच मोठ्याने वाचता येतं. गुरूसमोर वाचताना मुलाने एका शब्दाच्या शेवटी 'उ' म्हटलं, की त्याने वाक्याचं पृथक्करण जाहीर केलं असं समजा. चुकीचा स्वर निघाला की गुरू ओळखतात, याला कर्ता सापडलेला नाही. वेगळी परीक्षा घ्यायची गरजच काय? मोठ्याने वाचणं हीच परीक्षा!

जावाने यावर एक अफलातून युक्ती काढली. क्याई ग्रंथ वाचतात ते शब्दागणिक, आणि प्रत्येक अरबी शब्दामागोमाग त्याचा जावानी अर्थ सांगतात. पण नुसता अर्थ नाही. अर्थाच्या आधी एक छोटा खुणेचा शब्द येतो. 'उतावी' म्हटलं की समजायचं, वाक्याचा उद्देश्य भाग आला. 'इकू' म्हटलं की विधेय. कर्ता माणूस असेल तर 'सोपो', वस्तू असेल तर 'ओपो'. कर्म असेल तर 'इंग'. मुलं हे सगळं ओळीखाली तिरप्या बारीक अक्षरांत लिहून घेतात, तेही जावानी भाषा पण लिपी अरबी. मूळ ओळीला लोंबकळणाऱ्या या अर्थांना जावात 'लटकते अर्थ' असंच म्हणतात.

आता कानाने ऐका. क्याई संथ सुरात वाचताहेत: अरबी शब्द, उतावी, अर्थ; अरबी शब्द, इकू, अर्थ. भाषांतर आणि व्याकरण एकाच आवाजात, एकाच वेळी चाललंय. फळा नाही, तक्ता नाही. तासन्‌तास, महिनोन्‌महिने हे ऐकलं की मुलाच्या कानात अरबी वाक्याचा सांगाडाच बसतो. पुढे जावानी शब्द गळून पडतात, सांगाडा राहतो. 2004 पासून इंडोनेशियाचं धर्म मंत्रालय या वाचनाची राष्ट्रीय स्पर्धा भरवतं. स्पर्धकाने व्यासपीठावर यायचं, स्वर नसलेलं पान उघडायचं, वाचायचं, अर्थ सांगायचा आणि परीक्षकांच्या उलटतपासणीला उत्तरं द्यायची. वाचन हा मंचावरचा प्रयोग होऊ शकतो, हे याहून स्पष्ट कुठे दिसणार?

मग येतात उच्चार. अरबीत घशाच्या आतून निघणारा एक व्यंजनवर्ण आहे, 'ऐन'. तो ना जावानीत आहे, ना मराठीत. आपण तो सरळ गिळून टाकतो आणि 'अ' म्हणून मोकळे होतो. जावातल्या जुन्या पिढीने काय केलं? त्यांनी त्याचा 'ङ' केला! खेड्यातले आजोबा 'अब्दुल'ला 'ङब्दुल' म्हणायचे. हे हसण्यावारी न्यायचं कारण नाही. घशात काहीतरी घडतंय हे त्यांच्या कानाने पकडलं होतं आणि आपल्या भाषेत त्यातल्या त्यात मागून निघणारा ध्वनी त्यांनी जवळ केला होता.

हा घसा तयार होतो कुराणपठणाने. पठणाला तिथे कुणी गाणं म्हणत नाही, म्हणूही देत नाही. ते पवित्र वचनाचं पठण आहे आणि त्याचे नियम स्वतंत्र आहेत. कोणता वर्ण जिभेच्या कोणत्या भागातून, कोणत्या दातापाशी, स्वर किती मात्रा लांबवायचा, नाकातून आवाज कधी घुमवायचा, सगळं ठरलेलं. पण त्यात सुरावटीही आहेत. बयाती, हिजाज, नहावंद, रस्त अशा अरबी सुरावटी इंडोनेशियातली शाळकरी मुलंसुद्धा नावानिशी ओळखतात. 1968 साली मकास्सर शहरात पठणाची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि तेव्हापासून तो राष्ट्रीय उत्सवच झाला आहे. पुरुषांइतक्याच हिरिरीने स्त्रिया त्यात उतरतात. मारिया उल्फा या इंडोनेशियन पठणकर्तीने 1980 साली आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकली आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थिनी घडवल्या.

घसा तयार झाला, व्याकरण पाठ झालं, ग्रंथ वाचता आला. पण भाषा बोलता येते का? इथे मात्र जुनी पेसान्त्रेनं अडायची. मोठमोठे ग्रंथ लीलया वाचणारा विद्वान अरबीत 'जरा पाणी देता का' म्हणताना घुटमळायचा. ही कोंडी फोडली गोंतोर नावाच्या गावाने.

पूर्व जावात पोनोरोगो जिल्हा आहे. रेओग या मुखवटा-नृत्यासाठी तो प्रसिद्ध. त्यात वाघाचं तोंड आणि मोरपिसांचा प्रचंड पिसारा असलेला सुमारे 50 किलोंचा मुखवटा नर्तक दातांत धरून नाचतो. दातांत! अशा मुलखात तीन भावांनी, अहमद सहल, जैनुद्दीन फनानी आणि इमाम जरकशी यांनी, 1926 साली गोंतोरचं विद्यालय नव्याने उभं केलं. संस्थेत एक हकिगत आवर्जून सांगतात. त्याच वर्षी मक्केच्या जागतिक परिषदेला प्रतिनिधी पाठवायचा होता. त्याला अरबी आणि इंग्रजी दोन्ही बोलता यायला हवं होतं. असा एक माणूस काही सापडेना. शेवटी दोघं पाठवले: इंग्रजीसाठी चोक्रोआमिनोतो, अरबीसाठी मास मन्सूर. तेव्हा भावांनी ठरवलं, की दोन्ही भाषा एकाच तोंडात बसवायच्या.

1936 साली इमाम जरकशींनी तिथे नवा अभ्यासक्रम सुरू केला. पहिल्या तासापासून भाषांतर बंद! शिक्षक लेखणी उचलून दाखवणार आणि म्हणणार, 'कलम'. मुलं म्हणणार, 'कलम'. मग दार उघडून दाखवणार, बसून दाखवणार, उठून दाखवणार. आता विचार करा, जावानीचा एकही शब्द न वापरता 'आधी', 'नंतर', 'विसरलो', 'लाज वाटली' हे कसं शिकवाल? अभिनय करूनच! म्हणजे गोंतोरचा भाषाशिक्षक पहिल्या दिवसापासून नट असतो, त्याला दुसरा इलाजच नाही.

आणि मुलंही नट होतात. नवख्या विद्यार्थ्याला सुरुवातीचे थोडे महिने सूट मिळते, त्यानंतर आवारात फक्त अरबी किंवा इंग्रजी, आळीपाळीने. जेवताना, खेळताना, भांडतानासुद्धा. चुकून मातृभाषेतला शब्द निघाला तर? तर तुम्ही 'जासूस' होता. आता तुमचं काम असं, की कान टवकारून फिरायचं आणि दुसरा कोण चुकतो ते पकडून कळवायचं. संध्याकाळी मोठ्या विद्यार्थ्यांचा 'महकमा' बसतो, म्हणजे चक्क न्यायालय, आणि तिथे खटले चालतात. पद्धत कडक आहे, काहींना जाचकही वाटते. याच संस्थेत शिकलेल्या अहमद फुआदी यांनी 2009 साली आलेल्या आपल्या गाजलेल्या कादंबरीत अशाच एका विद्यालयातल्या जासूसगिरीची धमाल रंगवली आहे. तिच्यावर 2012 साली चित्रपटही निघाला.

मग येतो मंच. दर आठवड्याला 'मुहादरा', म्हणजे भाषणांचा तास. प्रत्येकाची पाळी येते, लाजाळूचीसुद्धा. समोर बसलेले वर्गमित्र श्रोते असतात आणि परीक्षकही. अरबी आणि इंग्रजी नाटकांच्या स्पर्धा होतात. पाचव्या आणि सहाव्या वर्षाची मुलं वर्षातून एकदा भव्य प्रयोग करतात. नेपथ्य, दिवे, वेशभूषा, संगीत, निवेदन, सगळं मुलांचंच. दोन्ही वर्गांची आपसात चुरस. शेवटच्या वर्षाची परीक्षाही प्रयोगच: मुलाने उठायचं आणि खालच्या वर्गाला प्रत्यक्ष धडा शिकवायचा. मागे वह्या घेऊन त्याचे सोबती बसलेले. तास संपला की ते एकेक चूक वाचून दाखवतात: अमुक शब्दाचा स्वर चुकला, खडू उचलताना वर्गाकडे पाठ केलीस, तमक्या मुलाकडे एकदाही बघितलं नाहीस.

नाटकाने भाषा का पक्की होते, याचंही उत्तर सापडलं आहे. अमेरिकेत हेल्गा नॉइस या मानसशास्त्रज्ञ आणि टोनी नॉइस हे नट-दिग्दर्शक या जोडप्याने वर्षानुवर्षं नटांच्या स्मरणशक्तीचा अभ्यास केला. नट पानंच्या पानं शब्दाबरहुकूम कशी पाठ करतात? त्यांना आढळलं, की चांगला नट घोकत बसत नाही. तो विचारतो, या पात्राला समोरच्याकडून काय हवंय? विनवतोय, टोमणा मारतोय की धमकावतोय? हेतू सापडला की शब्द त्याच्यामागून येतात. आणि हालचालीसोबत म्हटलेलं वाक्य नुसत्या म्हटलेल्या वाक्यापेक्षा जास्त टिकतं. आता गोंतोरचं पोरगं डोळ्यांपुढे आणा. ते अरबीत रागावतंय, अरबीत माफी मागतंय, अरबीत खोटं बोलतंय. पाठ्यपुस्तकातलं आज्ञार्थी क्रियापद त्याच्या तोंडात पहिल्यांदा खरी आज्ञा होतं.

इथे कुणी म्हणेल, हे सगळं बिगर-अरबांचं दुखणं. अरबांच्या पोरांना ते आपोआप येत असेल. बिलकूल नाही! हे तर सगळ्यात मोठं आश्चर्य आहे. कैरोतलं मूल घरी इजिप्शियन बोली बोलतं, कासाब्लांकातलं मोरोक्कन बोली. ग्रंथांची, बातम्यांची, भाषणांची प्रमाण अरबी, 'फुस्हा', जगात जवळजवळ कुणाच्याच घरात आई बाळाशी बोलत नाही. अरब मुलांनाही ती शिकावी लागते. मग त्यांच्या कानावर ती खेळीमेळीने पडावी कशी? 1979 साली कुवेतमध्ये तयार झालेली 'इफ्तह या सिमसिम' ही बाहुल्यांची मालिका मुद्दाम फुस्हात बोलायची. पुढे जपानी कार्टूनंही फुस्हात आली. अंतराळातले रोबो आणि फुटबॉलवीर कप्तान माजिद शुद्ध व्याकरणात डरकाळ्या फोडू लागले आणि अरब मुलांच्या पिढ्या ते ऐकत वाढल्या. म्हणजे प्रमाण अरबीत हसणं, रुसणं, ओरडणं हे जावातल्या मुलाला जसं मंचावर भेटतं, तसंच बगदादच्या मुलालाही पडद्यावरच भेटतं!

मग या पद्धतीत दोष नाहीत? आहेत की. अल्फिया घडाघडा म्हणणारा मुलगा एखादं साधं वाक्य लिहिताना अडतो, अशी तक्रार पेसान्त्रेनातले लोकच करतात. चाल इतकी गोड, की अर्थाकडे लक्षच जात नाही. मंचावरच्या अरबीत जावानी वाक्यरचना डोकावते. सेमारांगची 'नसीदा रिया' ही स्त्रियांची गायनमंडळी सुरात हरवणाऱ्या अर्थाचं बोलकं उदाहरण. 1975 साली पठणाच्या शिक्षकांनी ती उभी केली. सुरुवातीला त्या अरबी गाणी म्हणायच्या. लोक माना डोलवायचे, पण कळायचं कुणाला? शेवटी मंडळी इंडोनेशियन गाण्यांकडे वळली आणि घराघरांत पोचली. 2022 साली जर्मनीतल्या कासेलच्या जगप्रसिद्ध कलाप्रदर्शनात त्यांचा कार्यक्रम झाला. धडा उघड आहे. सूर शब्दाला दारापर्यंत आणून सोडतो, आत घ्यायचं काम अर्थाचं. म्हणूनच लटकते अर्थ हवेत, जाब विचारणारे परीक्षक हवेत आणि चूक दाखवणारे सोबतीही हवेत.

आणि आता शेवटचा नवलाचा भाग, तो आपल्या घरापर्यंत येतो.

केरळमध्ये 1957 पासून शालेय कलोत्सव भरतो. हजारो मुलं, डझनावारी मंच. त्याच्याच जोडीने एक संस्कृत उत्सव होतो आणि एक अरबी साहित्योत्सव. केरळच्या सरकारी शाळांत अरबी हा विषय आहे, आणि या उत्सवात मुलं अरबीत नाटक करतात, एकपात्री करतात, समूहगान गातात, संवाद म्हणतात. त्यात आणखी एक प्रकार आहे: अरबी कथाप्रसंगम्. एक मुलगा किंवा मुलगी उभी राहते, कथा सांगते, मध्येच गाते, पुन्हा गद्यात येते, पात्रांचे आवाज काढते. सगळं अरबीत.

ओळखीचं वाटतंय ना? वाटायलाच हवं. कथाप्रसंगम् केरळात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हरिकथेतून निघाला. हरिकथा दक्षिणेत आजच्या रूपात घडली ती तंजावरात. आणि तंजावरात ती घडवली मराठी कीर्तनाने! मराठा राजवटीत तिथे कीर्तन गेलं, रुजलं. एकोणिसाव्या शतकात रामचंद्रबुवा मोरगावकरांची कीर्तनं तंजावरने ऐकली, आणि तंजावर कृष्ण भागवतरांनी तो बाज तमीळमध्ये उतरवला. तमीळ हरिकथेत आजही साकी, दिंडी, ओवी, अभंग ही नावं तशीच्या तशी आहेत. तेव्हा केरळातल्या मलप्पुरमची एखादी शाळकरी मुलगी मंचावर अरबीत कथा रंगवते, तेव्हा तिच्या उभं राहण्यात, गद्यातून पद्यात जाण्यात नारदीय कीर्तनाची खूण आहे. अरबी भाषा, मल्याळी मुलगी आणि मराठी घडण!

आपल्याकडे मराठी शाळांत कविता चालीवर म्हणणं कमी होत चाललंय, मोठ्याने वाचणं तर त्याहून कमी. मूल इंग्रजी शिकत असो, संस्कृत, उर्दू किंवा अरबी, त्याला वही देण्याआधी चार माणसांसमोर उभं करा. एक प्रवेश द्या, एक भूमिका द्या, चुकू द्या, आणि चूक दाखवायला त्याचे मित्र बसवा. खर्च काहीच नाही. फार तर पाण्याचा एक रिकामा कॅन लागेल.